दंत दवाखान्यातील सुरक्षितता आणि घातक पदार्थांची हाताळणी: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील दंतवैद्यांकडून, त्यांच्याकडे काम करणाऱ्या ताई-मावशींकडून आणि कधी कधी त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्न एक-दोन खुर्च्यांच्या दवाखान्यांचे आहेत. हे प्रश्न लावून ठेवताना एक गोष्ट लक्षात आली. डॉक्टरांचे प्रश्न खुर्चीभोवतीचे असतात, धोक्याचा मोठा वाटा मात्र मागच्या खोलीतल्या सिंकपाशी असतो, आणि तिथे उभे असलेले माणूस सहसा प्रश्न विचारत नाही.

१. आमचा दवाखाना एका खुर्चीचा आहे. तेथे ‘घातक’ म्हणावे असे काय असते?

बरेच असते, परंतु रोजच्या सवयीमुळे ते दिसेनासे झालेले असते. पहिला प्रकार रक्ताचा आणि रक्तमिश्रित लाळेचा. त्यातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचे विषाणू पसरू शकतात. दुसरा प्रकार रसायनांचा: रूट कॅनाल धुण्याचे सोडियम हायपोक्लोराइट, दाताला लावायचे ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल, साधने बुडवायचे ग्लुटराल्डिहाइड, कवळी दुरुस्तीचे मोनोमर हे द्रव, स्पिरिट आणि दात भरण्याच्या ‘चांदी’तला (अॅमलगममधला) पारा. तिसरा प्रकार यंत्रांचा: एक्स-रे, साधने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधील दाबाखालची वाफ आणि दातातले भरण घट्ट करणाऱ्या क्युरिंग लाइटचा निळा प्रकाश. हा प्रकाश ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्याकडे सतत पाहिल्यास डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून लाइट धरणाऱ्याने आणि शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसानेही नारिंगी चष्मा किंवा नारिंगी ढाल वापरावी.

२. साधने धुणाऱ्या मावशींनी नेमकी कोणती काळजी घ्यावी? त्या तर फक्त धुण्याचेच काम करतात.

‘फक्त धुण्याचे’ हे शब्द मनातून काढून टाकावेत. डॉक्टरांच्या हातात एका वेळी एकच धारदार वस्तू असते आणि ती कोठे आहे हे त्यांना ठाऊक असते. मावशींच्या पुढ्यात मात्र वीस साधनांचा ढीग येतो, त्यात प्रोब, स्केलरची टोके, रूट कॅनालच्या फाइली, आणि कोणी विसरला असेल तर सुईसुद्धा असते. म्हणून पहिली जबाबदारी खुर्चीपाशीच संपवायची आहे: सुई, ब्लेड आणि टाकाऊ फाइली डॉक्टरांनी स्वतः, रुग्ण खुर्चीवरून उठण्याआधी, टोचणाऱ्या वस्तूंच्या पांढऱ्या डब्यात टाकाव्यात. ट्रे मागे जाईल तेव्हा त्यात केवळ पुन्हा वापरायची साधने असावीत आणि त्यांची टोके एकाच दिशेला असावीत.

धुताना तपासणीचे पातळ हातमोजे पुरत नाहीत. त्यातून टोक सहज आरपार जाते. जाड रबरी किंवा नायट्राइलचे लांब मोजे, प्लॅस्टिकचा एप्रन, मास्क आणि चष्मा लागतो. ब्रश लांब दांड्याचा असावा आणि साधन पाण्याच्या पातळीखाली धरून घासावे, म्हणजे शिंतोडे चेहऱ्यावर उडत नाहीत. गढूळ पाण्यात हात घालून साधने चाचपडत काढू नयेत, चाळणीची टोपली वापरावी. अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर घासण्याचे बरेचसे काम टळते. एखादे नवे उपकरण घ्यायचे ठरले, तर सर्वांत आधी हेच घ्यावे असे आमचे मत आहे.

३. मदतनिसाला हिपॅटायटिस बीची लस देणे आमच्यावर बंधनकारक आहे का?

आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही दवाखान्याच्या मालकाची जबाबदारी आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करावी. प्रमाण प्रति मिलिलिटर १० मिलि-एककांपेक्षा (mIU/mL) कमी आल्यास पुन्हा डोस घ्यावे लागतात. मध्येच खंड पडला, उदाहरणार्थ लग्नसराईत किंवा कापूस वेचणीच्या हंगामात मावशी दोन महिने गावी गेल्या, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस आल्यावर द्यावा.

ही लस एवढी आग्रहाने सांगण्याचे कारण असे की हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. म्हणजे सोमवारी ट्रेच्या कडेला राहिलेला डाग शनिवारीही निर्धोक झालेला नसतो.

४. वापरलेल्या सुईला टोपण लावावे की लावू नये? प्रत्येक जण वेगळे सांगतो.

सर्वसाधारण नियम ‘लावू नये’ असाच आहे. दंतोपचारात मात्र अडचण अशी की त्याच रुग्णाला थोड्या वेळाने पुन्हा भूल द्यावी लागते आणि तोवर उघडी सुई ट्रेवर ठेवणे जास्त धोक्याचे ठरते. अशा वेळी टोपण ट्रेवर आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी आणि मग ते सरळ करून घट्ट बसवावे. दुसरा हात टोपणाच्या जवळपासही नसावा. टोपण धरून ठेवण्याचा स्टँड मिळाला तर उत्तम. काम संपल्यावर सुई हाताने वाकवू किंवा मोडू नये. ती नीडल कटरने कापून पांढऱ्या डब्यात टाकावी आणि सिरिंज लाल पिशवीत टाकावी (प्रश्न ७ पाहा).

५. सुई टोचली. आता काय करायचे?

हा प्रश्न बहुतेक वेळा फोनवर, घाईत विचारला जातो, म्हणून क्रमाने सांगतो.

हातातले काम थांबवावे. मोजा काढून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. ती दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये, जखमेवर हायपोक्लोराइट, स्पिरिट किंवा हळद घालू नये. रक्त काढले म्हणजे विष निघाले ही समजूत विंचू-सापाच्या काळजीतून आलेली असावी, पण येथे दाबण्याने ऊतींना इजाच होते. डोळ्यात शिंतोडा गेला असेल तर डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास डोळा धुऊन झाल्यावर ती काढावी आणि डोळा पुन्हा धुवावा.

त्यानंतर वेळ महत्त्वाची असते. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे; तेथील अपघात विभागात जावे. रावेर, शिरपूर किंवा धडगावहून निघताना मात्र आधी जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात फोन करून पहिला डोस तेथे मिळेल का हे विचारावे, कारण धडगावचा घाट उतरण्यातच पहिला तास जातो. हा फोन नंबर अपघाताच्या दिवशी शोधायचा नसतो. तो आजच सिंकच्या वर भिंतीला चिकटवून ठेवावा. एचआयव्हीविषयीच्या माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकही आहे.

घाबरलेल्या माणसाला आकडे सांगितल्याने धीर येतो, असा आमचा अनुभव आहे. संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीची सुमारे १.८ टक्के, लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र ६ ते ३० टक्के असते. म्हणजे ज्याची सर्वांत कमी भीती बाळगली जाते, तोच आजार सर्वांत सहज होतो. लस झालेली नसल्यास हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा पहिला डोस लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांत, घ्यावा.

टोचलेल्या व्यक्तीची रक्ततपासणी त्याच दिवशी, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी करतात. घटनेची नोंद दवाखान्याच्या वहीत करावी. मावशींनी ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून टोचल्याचे लपवले, तर ७२ तास असेच निघून जातात. त्यामुळे नोंदवहीत ‘चूक कोणाची’ असा रकाना ठेवू नये.

६. रुग्ण एचआयव्हीबाधित असल्याचे कळले तर त्याच्यासाठी वेगळी साधने ठेवावीत का? आणि सुई टोचल्यावर रुग्णाने तपासणीस नकार दिला तर?

वेगळी साधने ठेवण्याची गरज नाही. ज्याने सांगितले त्याच्यापुरती काळजी घेणाऱ्या दवाखान्यात, ज्याला स्वतःलाच माहीत नाही अशा रुग्णापासून कोणतेच संरक्षण राहत नाही. प्रत्येक रुग्ण संसर्गित आहे असे समजूनच काम करायचे असते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ नुसार या कारणावरून उपचार नाकारणे हा भेदभाव ठरतो. त्याच कायद्याने संसर्गाचा धोका असलेल्या कर्मचाऱ्यांना सुरक्षा साधने, प्रशिक्षण आणि प्रतिबंधक औषधे मिळवून देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही.

एचआयव्हीची तपासणी रुग्णाच्या संमतीशिवाय करता येत नाही. शांतपणे, एकांतात समजावून सांगितल्यास बहुतेक जण तयार होतात. नकार कायम राहिला तर अहवालाची वाट न पाहता सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधांचा निर्णय घ्यावा.

७. कोणता कचरा कोणत्या रंगात जातो?

रक्त लागलेला कापूस, गॉज, मास्क, काढलेल्या ऊती आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत जातात. प्लॅस्टिक आणि रबर, म्हणजे हातमोजे, सक्शन टिप, सलाइनच्या नळ्या आणि सुई काढलेली सिरिंज, लाल पिशवीत जाते. सुया, ब्लेड, दात कोरण्याचे बर, फाइली, दात सरळ करण्याच्या (ऑर्थोच्या) तारांचे तुकडे असे जे जे टोचते किंवा कापते ते न फुटणाऱ्या, अर्धपारदर्शक पांढऱ्या डब्यात टाकावे आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करावा. भुलीच्या औषधाच्या काचेच्या कुप्या, फुटलेली काच आणि धातूचे इम्प्लांट निळी खूण असलेल्या डब्यात जातात.

सर्वाधिक चुका तीन ठिकाणी होतात. हातमोजे कापसासोबत पिवळ्या पिशवीत जातात. सुईसकट सिरिंज लाल पिशवीत जाते. आणि चांदी भरलेला दात पिवळ्या पिशवीत टाकला जातो. तिसऱ्या चुकीविषयी प्रश्न १० पाहा.

८. दिवसाला मूठभर कचरा निघतो. तो नगरपालिकेच्या घंटागाडीत दिला तर काय बिघडते?

घंटागाडीवरचा माणूस उघड्या हातांनी कचरा वेगळा करतो; बिघडते ते त्याचे. कायद्याच्या दृष्टीनेही ही पळवाट नाही. २०१६ चे नियम खाटांच्या संख्येवर अवलंबून नाहीत. एका खुर्चीच्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. खाटा नसलेल्या दवाखान्यांसाठी ते एकदाच घ्यायचे असते. कचरा सामायिक प्रक्रिया केंद्राकडे बारकोड लावून द्यायचा असतो आणि असे केंद्र ७५ किलोमीटरच्या आत उपलब्ध असेल तर स्वतःची जाळण्याची भट्टी उभारता येत नाही. मागच्या अंगणात कचरा जाळणे तर कोणत्याच अंतरावर चालत नाही. वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यावा लागतो. त्यात सुई टोचण्यासारख्या घटनांची नोंद असावी, आणि एकही घटना नसेल तर तसे निरंक कळवावे. कागदपत्रे पाच वर्षे जपून ठेवावीत.

बिनरक्ताचा कागद, औषधांची खोकी आणि चहाचे कप घंटागाडीतच द्यावेत. सगळेच पिवळ्या पिशवीत भरण्याची सवय सुरक्षित वाटते, पण तिच्यामुळे वजन आणि बिल मात्र वाढते.

९. कचऱ्याची गाडी तीन-तीन दिवस येत नाही. नियम तर ४८ तासांचा आहे.

ऊती आणि रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये हा नियम खरा आहे, परंतु त्याच नियमात पुढे वाट दिली आहे: ठेवणे भागच पडले तर त्यापासून माणसांना व पर्यावरणाला अपाय होणार नाही अशी व्यवस्था करावी आणि कारणासह मंडळाला कळवावे. म्हणून गाडी चुकली की त्याच दिवशी केंद्राला लेखी निरोप पाठवावा, दुसऱ्यांदा चुकली की मंडळाच्या कार्यालयाला ई-मेल करावा आणि दोन्हींच्या प्रती ठेवाव्यात. पिशव्या तोंड बांधून, झाकणाच्या कुलूपबंद पेटीत, सावलीत ठेवाव्यात. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली पिवळी पिशवी दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांना तक्रार करायला लावते.

१०. काढलेला दात पालक मागतात. देता येतो का? आणि दंत महाविद्यालयाचे विद्यार्थी मागतात त्यांना?

दुधाचा दात धाब्यावर किंवा कौलांवर फेकण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, आणि लहान मुलाला तो आनंद नाकारण्याचे कारण नाही. दात धुऊन, जंतुनाशकाने पुसून, कागदात गुंडाळून पालकांच्या हाती द्यावा. जो दात कोणी नेत नाही तो पिवळ्या पिशवीत जातो.

अपवाद चांदी भरलेल्या दाताचा. पिवळी पिशवी भट्टीत जाते आणि तेथे दातातील पाऱ्याची वाफ होते, म्हणून असा दात चांदीच्या कचऱ्याच्या बंद बरणीत ठेवावा (प्रश्न ११ पाहा). याच कारणाने तो ऑटोक्लेव्हमध्येही घालू नये. धुळ्याच्या दंत महाविद्यालयातील किंवा इतर कोणी विद्यार्थी सरावासाठी दात मागत असतील तर बिनचांदीचे दात १२१ अंशांवर ४० मिनिटे ऑटोक्लेव्ह करून द्यावेत. चांदीचे दात द्यायचेच झाले तर ते दोन आठवडे १० टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवून द्यावेत.

११. चांदी भरणे आता बंद झाले आहे का? आमच्याकडे अजून पाऱ्याची बाटली आहे.

अॅमलगम, म्हणजे बोलीभाषेतली ‘चांदी’, वजनाने जवळपास निम्मा पारा असते. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी लागू झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. या करारात अॅमलगमचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे बंधन आहे. २०२२ मध्ये सदस्य देशांनी त्यात भर घातली: दंतवैद्यांनी सुटा पारा वापरू नये आणि १५ वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्या दातांत, अगदी आवश्यक असल्याशिवाय, चांदी भरू नये. म्हणजे बाटलीतला पारा खलबत्त्यात घोटून चांदी बनवण्याचा काळ संपला आहे; वापरायचीच तर मोजून भरलेली कॅप्सूल वापरावी. ज्यांच्या दातांत आधीच चांदी आहे आणि ती शाबूत आहे, त्यांनी भीतीने ती काढून घेऊ नये, कारण पाऱ्याची वाफ काढताना जास्त सुटते.

उरलेली चांदी, रिकाम्या कॅप्सूल, सक्शनच्या जाळीतला गाळ आणि प्रश्न १० मधील दात घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या बरणीत साठवावेत. ही बरणी जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत न देता घातक कचऱ्याच्या नियमांखाली अधिकृत संस्थेकडे द्यावी. एक बारकावा: सक्शनच्या नळ्या हायपोक्लोराइटने धुऊ नयेत. क्लोरीनमुळे अडकलेल्या चांदीतला पारा विरघळून गटारात जातो.

१२. पारा जमिनीवर सांडला तर?

पंखा, कूलर आणि एसी ताबडतोब बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि लोकांना बाहेर काढावे. हातातल्या अंगठ्या आणि पाटल्या काढून ठेवाव्यात. सोन्याला पारा लागला की सोने पांढरे पडून ठिसूळ होते, हे जळगावच्या सराफ बाजारातला कोणताही कारागीर सांगेल. मग मोजे घालून, दोन पुठ्ठ्यांनी थेंब एकत्र ढकलावेत आणि बिनसुईच्या सिरिंजने ओढून बाटलीत घ्यावेत. बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत. फरशीच्या फटींवर गंधकाची पूड टाकून नंतर ती गोळा करावी. सगळे बंद बरणीत, प्रश्न ११ प्रमाणे.

झाडू मारू नये आणि व्हॅक्यूम क्लीनर लावू नये. झाडूने एका थेंबाचे शंभर होतात आणि व्हॅक्यूम त्यांची वाफ खोलीभर उडवतो. पारा साध्या तापमानालाही उडत असतो. २० अंशांच्या तुलनेत ४० अंशांना त्याच्या वाफेचा दाब सुमारे पाचपट होतो, आणि बंद पडलेल्या एसीच्या खोलीत ४० अंश म्हणजे आपल्याकडे मे महिन्यातली साधी दुपार. पुण्याच्या पुस्तकी सल्ल्यापेक्षा आपण थोडी जास्त घाई केलेली बरी.

१३. हायपोक्लोराइट किती पातळ करावे आणि कशात ठेवावे?

बाटलीवरची टक्केवारी वाचून हिशेब करावा: ४ टक्क्यांच्या एका भागात तीन भाग पाणी घातले की १ टक्क्याचे द्रावण होते. सांडलेल्या रक्तासाठी आणि कचऱ्याच्या निर्जंतुकीकरणासाठी १ ते २ टक्के वापरतात. रक्तावर आधी कागद टाकून त्यावर द्रावण ओतावे आणि वीस मिनिटांनी पुसावे. उष्णता आणि उजेड यांमुळे हायपोक्लोराइटचा जोर लवकर उतरतो, म्हणून मूळ बाटली गडद रंगाची आणि थंड जागी असावी व पातळ द्रावण रोज नवे करावे. उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेली बाटली काही आठवड्यांत केवळ वासापुरती उरते.

ते पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये, ‘तेवढ्यापुरते’ देखील नाही; ग्लास भरून देणाऱ्या मावशींना दोन बाटल्यांतला फरक दिसत नाही. संडास साफ करण्याच्या आम्लात मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही विषारी वायू तयार होतात. रूट कॅनालमध्ये हायपोक्लोराइटनंतर थेट क्लोरहेक्सिडिन घातल्यास नारिंगी-तपकिरी साका बनतो. मध्ये सलाइनने धुऊन घ्यावे.

१४. फॉर्मालिनच्या गोळ्यांच्या डब्यात साधने ठेवली तर ती निर्जंतुक राहतात ना?

ही सवय सोडावी असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. त्या गोळ्यांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. डबा उघडला की डोळ्यांतून पाणी येते, याचा अर्थ ती वाफ दररोज मदतनिसाच्या श्वासात जाते. निर्जंतुक पाऊच वापरल्यास या गोळ्यांची गरजच राहत नाही.

ग्लुटराल्डिहाइड हे उष्णता न सोसणाऱ्या मोजक्या साधनांपुरते ठेवावे. त्याचे भांडे झाकणाचे असावे, खिडकीपाशी असावे आणि मोजे नायट्राइलचे असावेत, कारण साध्या लेटेक्समधून ते झिरपते. सक्रिय केल्याची तारीख भांड्यावर लिहावी. साधारण १४ दिवसांनी ते बदलतात. हे द्रावण वापरणाऱ्या व्यक्तीला नव्याने दमा किंवा हातावर खाज सुरू झाली, तर ऋतू बदलल्याचे निमित्त न काढता तिला त्या कामातून बाजूला करावे.

१५. ऑटोक्लेव्ह चालू असताना लाइट गेली तर राहिलेला वेळ पुढे मोजावा का?

नाही. चक्र पहिल्यापासून चालवावे. १२१ अंश आणि १५ पौंड दाबावर पाऊचमधील साधनांना साधारण ३० मिनिटे लागतात आणि ही मिनिटे अखंड असावी लागतात. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे ऑटोक्लेव्ह लावण्याची वेळ ठरवावी. रंग बदलणारी पट्टी तापमान पोहोचल्याचे सांगते, जंतू मेल्याचे नव्हे. त्यासाठी आठवड्यातून एकदा बीजाणूंची चाचणी करावी. पाणी डिस्टिल्डच घालावे, कारण बोअरच्या पाण्याचे क्षार सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये बसतात, आणि अडकलेला व्हॉल्व्ह म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरचीच गोष्ट, फक्त मोठ्या भांड्याची. दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

उकळत्या पाण्याने साधने निर्जंतुक होत नाहीत. हॅण्डपीस (दात कोरण्याचे हातातले यंत्र) नुसता स्पिरिटने पुसणेही पुरत नाही. प्रत्येक रुग्णानंतर तो ऑटोक्लेव्ह व्हायला हवा.

१६. एक्स-रे काढताना मदतनिसाने फिल्म धरली तर चालते का?

चालत नाही, लहान मुलाचा एक्स-रे असला तरीही. फिल्म होल्डर वापरावा किंवा रुग्णाने स्वतः धरावी. मूल हलत असेल तर पालकाने लेड एप्रन घालून मुलाला धरावे. मदतनीस हे रोज करतो, पालक एकदाच करतो, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. बटण दाबणाऱ्याने किमान दोन मीटर दूर आणि किरणांच्या वाटेच्या बाहेर उभे राहावे. एप्रन किमान ०.२५ मिलिमीटर शिशाच्या तोडीचा असावा आणि तो घडी न घालता टांगून ठेवावा, नाहीतर घडीवर आतला थर चिरतो. यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्यता दिलेल्या प्रकारचे असावे आणि त्याची नोंद त्याच मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर करावी. कर्मचाऱ्यांसाठी किरणांच्या डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (डोस मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट अशी आहे.

जुन्या फिल्मच्या पाकिटातील शिशाचा पत्रा आणि फिल्म धुण्याचे, खऱ्या चांदीचा अंश असलेले फिक्सर हेही घातक कचऱ्यात मोडतात. फिक्सर बेसिनमध्ये ओतू नये.

१७. मदतनीस गरोदर आहे. तिला कामावरून कमी करावे का?

कमी करण्याचे कारण नाही, कामे बदलावीत. तिने कळवल्यापासून पुढे गर्भाला मिळणारा डोस १ मिलिसीव्हर्टच्या आत राहिला पाहिजे, आणि प्रश्न १६ मधील अंतर पाळल्यास तो राहतो. पारा, फॉर्मालिन आणि ग्लुटराल्डिहाइड यांची कामे दुसऱ्याकडे द्यावीत.

१८. उन्हाळ्यात दारे-खिडक्या बंद करून एसी लावतो. त्याने काही फरक पडतो का?

पडतो. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे स्केलिंग आणि हॅण्डपीसचा तुषार खोलीतच राहतो. एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा, सक्शन जोराचे वापरावे आणि शक्य तेथे रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावावा. खिडकीत बसवलेला आपला खान्देशी कूलर याबाबतीत एसीपेक्षा सरस ठरतो, कारण तो बाहेरची हवा आत ढकलतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी आणि टाकीतले पाणी नियमित बदललेले हवे. साचलेल्या पाण्याचाच प्रश्न खुर्चीच्या नळ्यांतही असतो: सकाळी दोन मिनिटे आणि दोन रुग्णांच्या मध्ये २० ते ३० सेकंद पाणी वाहू द्यावे.

कवळीच्या मोनोमरचा पेट घेण्याचा बिंदू सुमारे १० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्याकडे तो जवळपास वर्षभर एका ठिणगीने पेटू शकतो. स्पिरिटच्या दिव्याजवळ ती बाटली उघडू नये. दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट भरू नये. भर दुपारी ती ज्योत डोळ्यांना दिसतही नाही.

१९. आम्ल डोळ्यात किंवा त्वचेवर गेले तर?

किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि मग डॉक्टरांकडे जावे. सिरॅमिकसाठी वापरले जाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल मात्र वेगळे आहे: सुरुवातीला ते फारसे दुखत नाही, पण आत खोल शिरते. ते ठेवणाऱ्या दवाखान्यात २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असलेच पाहिजे. जेल नसेल तर ते आम्लही ठेवू नये.

२०. रसायनांची माहितीपत्रके इंग्रजीत असतात. मावशींना ती कशी समजावीत?

पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे, परंतु भिंतीवर ते लावू नये; कोणी वाचत नाही. प्रत्येक बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरांत नाव, ‘डोळ्यात गेल्यास काय’ आणि ‘कशात मिसळू नये’ एवढेच लिहावे. अक्षरओळख नसेल तर बाटलीच्या झाकणाला रंगीत पट्टी लावावी. वर्षातून एकदा द्यायचे प्रशिक्षण मावशींच्या बोलीत, अहिराणीत किंवा पावरीत द्यावे आणि शेवटी त्यांच्याकडून करवून पाहावे.

२१. सातपुड्यातल्या पाड्यावर शिबिर घेतले. तेथला कचरा कोणाचा?

शिबिर घेणाऱ्याचा. अक्कलकुवा किंवा धडगावच्या पाड्यावर तो पुरून येणे हा मार्ग नाही. पांढरा डबा, पिशव्या आणि झाकणाची पेटी सोबत न्यावी, सर्व काही परत आणावे आणि आपल्या नेहमीच्या बारकोडखाली द्यावे. साधने प्रत्येक रुग्णासाठी निर्जंतुक पाऊचमधलीच हवीत; जेवढे पाऊच नेले तेवढेच दात काढावेत, मग बाहेर कितीही रांग असो. सुई टोचल्यास लागणारी प्रतिबंधक औषधे सर्वांत जवळ कोठे मिळतील, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे.

२२. वडिलांचा जुना दवाखाना बंद करतो आहोत. कपाटात पाऱ्याची बाटली आणि अनेक बिनलेबलच्या बाटल्या आहेत, एक्स-रे यंत्र भंगारवाला मागतो आहे.

यंत्राला वीज नसेल तेव्हा त्यातून किरण निघत नाहीत, त्यामुळे ते घरात आहे म्हणून घाबरू नये. पण ते नोंदणीकृत उपकरण आहे. विकताना किंवा मोडीत काढताना ई-लोरावर कळवावे लागते आणि भंगारवाल्याला थेट देता येत नाही, कारण पुढे ते कोणी दुरुस्त करून चालू केले तर त्याची जबाबदारी नोंद ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर येते. यंत्राची नोंद कधी झालीच नसेल तर आधी तसे कळवून पुढची पद्धत विचारावी.

बिनलेबलच्या बाटल्या उघडून वास घेऊ नये आणि एकत्र ओतू नयेत. प्रत्येकीवर ‘अज्ञात’ असे लिहून, उभ्या ठेवून, पाऱ्याच्या बाटलीसोबत घातक कचऱ्याच्या अधिकृत संस्थेकडे द्याव्यात. पाऱ्याची बाटली काचेची असेल तर ती आधी प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवावी. भरलेला पारा दिसतो त्यापेक्षा फार जड असतो, आणि कपाटातून काढताना बाटली हातातून सुटते ती याच कारणाने.